करंगळ्यांचा वाफा

हिवमाथा नावाचं एक गाव होतं. ते डोंगरावर इतकं उंच होतं, की पावसाळ्यात ढग खाली आणि गाव वर, अशी तिथली तऱ्हा. गावाच्या टोकाला एक कुडाचं घर होतं, घरामागे चार हात परसबाग होती, आणि त्या घरात म्हाळू नावाची मुलगी आपल्या आईबरोबर राहत होती. खरं नाव म्हाळसा. पण नऊ वर्षांच्या काडीपैलवान मुलीला एवढं भारदस्त नाव घेऊन कोण हाक मारणार, म्हणून म्हाळू.

त्या घरातून एक माणूस हरवलं होतं आणि एक शब्द हरवला होता. माणूस म्हणजे म्हाळूचे बाबा. ते कड्यावरून दोर सोडून मध काढायचे. चैत्रात एका सकाळी गेले, आणि संध्याकाळी गावकऱ्यांनी नुसता तुटका दोर आणून अंगणात ठेवला. आणि शब्द म्हणजे ‘वाढ’. बाबा रोज दिवेलागणीला दारात पाय धुवायचे, उंबऱ्यातून आत डोकावायचे आणि म्हणायचे, “वाढ गं, पोटात कावळे ओरडतायत.” मग आई हसायची, ताटं घ्यायची, आणि तिघं गोल बसून जेवायची. बाबा गेले आणि ‘वाढ’ म्हणणारं कुणी उरलं नाही. तेव्हापासून त्या घरात कुणी धड जेवलं नव्हतं.

आधी आई म्हणायची, “तू जेव, मी नंतर जेवते.” मग म्हणू लागली, “भूक नाही गं.” मग तेही म्हणेनाशी झाली. खिडकीखालच्या बाजेवर पडून राहायची आणि म्हाळूनं नाचणीची पेज पुढे केली, की दोन घोट घेऊन तोंड फिरवायची. तिच्या हातातल्या हिरव्या बांगड्या तर बाबांबरोबरच गेल्या होत्या. आता हातही बारीक, बारीक होत चालले होते.

गावच्या वैद्यबुवांनी नाडी पाहिली, बटवा उघडला आणि परत बांधून ठेवला. म्हाळूला बाहेर नेऊन ते म्हणाले, “पोरी, माझ्याकडे तापाची पुडी आहे, खोकल्याची आहे. खावंसं वाटण्याची पुडी कुणाकडेच नसते. तिला आपणहून जेवावंसं वाटलं तर ती वाचेल.” त्यापुढचं ते बोलले नाहीत. म्हाळूला ते न बोलताच कळलं.

आईनं टाकलेली पेज ओतून द्यायला म्हाळूचा जीव व्हायचा नाही. ती वाटी परसात शेवग्याच्या बुंध्याशी नेऊन ठेवायची, एखाद्या चिमणीच्या तरी पोटात जाईल म्हणून. सकाळी वाटी लख्ख असायची. चिमण्यांना नाचणीची पेज एवढी आवडते, हे म्हाळूला नवीनच होतं.

श्रावणात, नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी, ती वाटी आणायला जरा लवकर गेली. पाहते तर काय, वाटीच्या काठावर एक वीतभर बाई बसली होती आणि बोटानं पेज चाटत होती. तिनं एकावर एक असे सात इवलेसे लोकरी घागरे घातले होते, डाळिंबी, हळदी, मोरपंखी, जांभळा, शेंदरी, पोपटी आणि अगदी आत आभाळाचा निळा. डोक्यावर पालथ्या वाटुकलीसारखी टोपी, टोपीखालून दोन काळ्याभोर वेण्या. पाठीवर दवाच्या थेंबासारखे चमचमणारे दोन पंख, आणि नखांत काळी काळी माती.

“परी आहेस ना तू?” म्हाळूनं विचारलं. “मग नखं अशी का गं?”

“शेतात काम करणारी परी आहे मी,” ती म्हणाली. तिचा आवाज झऱ्याच्या पाण्याचा होता, पण बोलणं थोडं अडखळत होतं, परगावच्या पाहुणीसारखं. “सात समुद्र ओलांडले, की डोंगरांची एक रांग लागते. तुमचे असले पाच डोंगर एकावर एक ठेवा, तेव्हा कुठे आमचा एक. तुमच्या भाजीतला बटाटासुद्धा माझ्या गावचा आहे.”

“काहीतरीच.”

“विचार त्याला,” परी म्हणाली आणि खुदकन हसली. मग तिनं वाटीकडे पाहिलं. “मी दमून तुझ्या शेवग्यावर उतरले, तेव्हापासून तू मला रोज जेवू घालतेस. आमच्यात फुकट जेवत नाहीत. पण ही पेज रोज उरते कशी?”

म्हाळूनं सांगितलं. बाबांचा दोर, आईची बाज, वैद्यबुवांचं अर्धं वाक्य, सगळं. सांगताना ती रडली नाही. रडायचं तिनं आईसमोर केव्हाच बंद केलं होतं आणि आता ते दुसरीकडेही जमत नव्हतं.

परीनं पाठीवरचं रंगीबेरंगी गाठोडं सोडलं. किती ती मुळं आणि किती ते रंग! काचेच्या गोट्यांसारखी गुळगुळीत पिवळी, त्यांवर गुलाबी शिंतोडे उडालेली उल्लुको. दुधाळ अंगाचे, टोकदार माशुआ. बाहेरून मातकट, पण चावलं की उसासारखं गोड पाणी सुटणारं याकोन. आणि अगदी तळाशी, सुरकुतलेली, लालचुटूक, म्हाळूच्या करंगळीएवढी तीन मुळं.

“या तिघी इच्छा ऐकतात,” परीनं ती तीन उचलली. “यांचं नाव ओका.”

म्हाळूला हसू फुटलं. चैत्रानंतरचं पहिलं. “परीबाई, अहो, आमच्यात ‘ओका’ म्हणजे ‘उलटी करा’. आईला काहीतरी खाऊ घालायचं आणि नाव हे?”

परी कानापर्यंत लाल झाली. “अरे देवा. मग तूच ठेव नाव.”

“करंगळ्या,” म्हाळू म्हणाली.

“करंगळ्या तर करंगळ्या. आता नीट ऐक. करंगळीच्या अंगावर हे बारीक डोळे आहेत ना, त्यांपाशी ओठ नेऊन एक इच्छा सांगायची. पण एकच शब्द, आणि एकदाच. तुमची भाषा यांना फारशी येत नाही, लांबलचक बोललीस तर घोटाळा होईल. तो शब्द तुझ्याकडे परत येईपर्यंत कुणाला सांगायचा नाही, आणि वाफ्यात काय लावलंय तेही सांगायचं नाही. दिवस जसजसा लहान होत जाईल तसतशा या मातीखाली भरत जातील. वर काही दिसणार नाही. दिवस तिळाएवढा मोठा व्हायला लागला, की मगच खणायचं. त्याच्या आधी मातीला खुरपं लागलं, तर इच्छा फुटली म्हणून समज.”

“दिवस तिळानं वाढला हे मला कसं कळणार?”

परीनं अंगणातल्या मांडवाच्या खांबाकडे बोट दाखवलं. “भर दुपारी त्याची सावली जिथं संपेल, तिथं खडा ठेवत जा. दिवस घटला की सावली लांबते. ज्या दुपारी ती मागे सरेल, ती दुपार तुझी. आणि हो, बाहेर काढल्या काढल्या खाऊ नका. आधी त्यांना चांगलं ऊन खाऊ घाल. उपाशी असतात तोवर त्या आंबट असतात. माणसंसुद्धा असतात.”

म्हाळूनं पहिली करंगळी हातात घेतली. लाल चपला, असं तिच्या मनात आलं, खोटं कशाला बोला. तिच्या टाचांना भेगा पडल्या होत्या. पण ते दोन शब्द झाले, आणि एक असता तरी तिनं तो सांगितला नसता. मग तिला वाटलं, ‘आई’ म्हणावं. पण आई तर होती. मग तिला घरातून हरवलेला तो शब्द आठवला. आईनं आपल्या तोंडानं तो म्हणावा, एवढंच तर हवं होतं. तिनं ओठ करंगळीच्या डोळ्यापाशी नेले आणि म्हणाली, “वाढ.”

दुसऱ्या करंगळीत तोच शब्द. तिसऱ्या करंगळीतही तोच.

“तिन्ही इच्छा सारख्याच?” परीनं विचारलं.

“एकीला ऐकू नाही गेलं तर दुसरीला जाईल,” म्हाळू म्हणाली.

परीनं आपल्या मातीच्या नखांनी वाफा उकरून दिला, गाठोडं बांधलं आणि शेवग्याच्या पांढऱ्या फुलांत दिसेनाशी झाली.

करंगळ्या उगवल्या. आधी इवले इवले कोंभ, मग गुलाबी देठ, मग देठावर तीन तीन पोपटी पानं, प्रत्येक पान बदामासारखं दुमडलेलं. ऊन आलं की ती उघडायची, ऊन गेलं की मिटायची. भाद्रपदात वाफा भरला, अश्विनात ओसंडून वाहू लागला. मधूनच एखादं चिमुकलं पिवळं फूल. म्हाळू रोज झऱ्यावरून दोन कळशा आणून घालायची आणि खांबाच्या सावलीपाशी खडा ठेवायची.

आणि आई? आई तशीच. होती त्याहून वाईट. दोन घोटांचा दीड घोट झाला होता.

एका दुपारी पाणी घालता घालता म्हाळूच्या हातातली कळशी थांबली. तिच्या लक्षात आलं, की आपण केवढी मोठी चूक केली. करंगळ्या परमुलखाच्या. त्यांना भाषा धड येत नाही. तिनं ‘वाढ’ म्हटलं ते ताट वाढण्याचं, आणि त्या बिचाऱ्या समजल्या, की ही आपल्यालाच सांगते आहे, वाढ. म्हणून तर वाढत सुटल्या होत्या. तिन्हीच्या तिन्ही इच्छा पानांत गेल्या होत्या. शब्द एकदाच सांगायचा होता, आता दुरुस्तही करता येत नव्हता. म्हाळू त्या हिरव्यागार वाफ्याशेजारी बसली आणि तिला आपल्या तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

तेवढ्यात शेजारच्या भिमाकाकू कुंपणावरून डोकावल्या. भिमाकाकू मनानं चांगल्या होत्या, दर आठवड्याला ओंजळभर नाचणी आणून देणाऱ्या. फक्त त्यांचा आवाज दोन टेकड्या ओलांडून जायचा.

“काय गं म्हाळू, आंबुशीला पाणी घालतीस व्हय? लोक आंबुशी उपटून दमत्यात, आणि तू तिला कळशीनं पाजतीस?”

त्यांना काय सांगणार? पानं तर खरंच आंबुशीसारखी होती. वाटेच्या कडेला, कुंड्यांत, अळूच्या बुडख्याशी जे आंबट तण उगवतं, अगदी तशीच. थोडी मोठी एवढंच. आणि सांगायला तर बंदीच होती.

“राहू दे काकू,” ती म्हणाली. “मला आवडतात ती पानं.”

“पोरीचं डोस्कं फिरलं उपाशी राहून,” भिमाकाकू हळूच म्हणाल्या. त्यांचं हळूच म्हणजे खिडकीतून बाजेपर्यंत सहज.

कार्तिक संपत आला होता. एका सकाळी म्हाळू पाणी घेऊन परतली, तर बाज रिकामी. ती धावत परसात गेली. आई तिथं होती. भिंतीला धरून, खुरडत खुरडत ती वाफ्यापर्यंत गेली होती. सहा महिन्यांत पहिल्यांदाच ती घराबाहेर आली होती. तिचं कपाळ घामानं चमकत होतं, हात मातीनं भरले होते. तिच्या शेजारी उपटलेल्या पोपटी पानांचा हा एवढा ढीग पडला होता, आणि वाफा साफ उघडा. एकसुद्धा पान उभं नव्हतं.

“माझी पोर एकटी राबते,” आई धापा टाकत म्हणाली, “आणि परसात आंबुशी माजलीय. म्हटलं, एवढं तरी करावं तुझ्यासाठी.” तिनं पानांचा रस लागलेलं मातीचं बोट जिभेला लावलं. “किती आंबट आहे गं ही.” आणि ती हसली. थोडंसंच.

म्हाळूला ते हसू दिसलं नाही आणि ते शेवटचं वाक्य ऐकूही आलं नाही. ती त्या ढिगाकडे बघत होती. तिच्या घशाशी ओरडणं आलं होतं. आई, हे तू काय केलंस, ती तुझ्यासाठीच लावली होती. पण समोर आई बसली होती, सहा महिन्यांनी लेकीसाठी उठून. तिला खरं कळलं असतं, तर ती परत कधीच उठली नसती. म्हाळूनं ते ओरडणं गिळलं. पेजेहून कितीतरी जड होतं ते.

“छान केलंस आई,” ती म्हणाली. “मला एकटीला झालंच नसतं.”

तिनं आईचे हात धुतले, तिला धरून आत नेलं आणि बाजेवर निजवलं. मग बाहेर येऊन ती सगळी पानं तिनं शेवग्याखाली नीट रचून ठेवली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तेवढ्या श्रमानं आईला ताप भरला. ताप उतरला, पण त्यानंतर तिला उठून बसताही येईना. दीड घोटाचा एक घोट झाला.

आणि मार्गशीर्षात हिव पडलं. हिवमाथ्यावर हिव पडतं तेव्हा गवताच्या पात्यापात्यावर पांढरी साखर पसरते आणि फार सुंदर दिसतं, पण त्या साखरेखालचं सगळं मरतं. दुधीचा वेल काळा पडला, अळू आडवं झालं. म्हाळूनं आपली गोधडी आईच्या अंगावर घातली. स्वतःखालचं वाळलं गवत तिनं नेऊन उघड्या वाफ्यावर पसरलं. त्या वाफ्यात काही उरलं असेल असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तरी पसरलं.

तुम्ही विचाराल, खुरप्यानं थोडं उकरून बघायला काय हरकत होती? मलाही तसंच वाटतं. म्हाळूलाही रोज वाटायचं. ती खुरपं हातात घेऊन वाफ्याशी बसायची. खाली काही नसेल तर निदान खोटी आशा तरी सुटेल. पण एखादी करंगळी जिवंत असेल आणि खुरपं लागलं तर? मग ती खुरपं मांडीवर ठेवायची, हात काखेत घालायची आणि तशीच बसून राहायची. परीचा पत्ता नव्हता. तिनं शेवग्याला हाका मारून पाहिल्या. शेवग्याचं एक वाळकं पान पडलं, बाकी काही नाही.

खांबाची सावली मात्र रोज लांबत होती. श्रावणात ती खांबाच्या पायाशीच होती. आता ती अंगण ओलांडून घराकडे निघाली होती. तिळातिळानं, खड्याखड्यानं ती उंबऱ्याकडे सरकत होती. रोज दुपारी म्हाळू नवा खडा ठेवायची आणि मागे वळून खिडकीतून आईकडे बघायची. दिवस आणि आई, दोघंही रोज तीळ तीळ कमी होत होती. सावली उंबऱ्याला टेकेल तेव्हा आई जाईल, असं तिच्या मनानं घेतलं. परीनं असं काही सांगितलं नव्हतं. पण घाबरलेल्या मुलीला कुणी सांगावं लागत नाही.

मग एका दुपारी सावली उंबऱ्याला टेकली.

त्या दिवशी आईनं पेज घेतली नाही. एक घोटही नाही. भिमाकाकू येऊन बसल्या होत्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज बाहेर ऐकू गेला नाही. “म्हाळू,” आई म्हणाली, “तू काकूंकडे राहशील ना गं? शहाण्यासारखी?”

म्हाळू उठून परसात गेली. वाफ्यावरच्या गवतावर ती पालथी पडली आणि रडली. चैत्रापासूनचं सगळं रडली. मी आईला वाचवू शकले नाही, असं ती त्या गवताला सांगत होती. मी शब्दच चुकीचा सांगितला. मी वाफ्याकडे लक्ष ठेवलं नाही. गवत थंड होतं आणि गप्प होतं.

दुसऱ्या दुपारी सावली तिथंच होती. तिसऱ्या दुपारीही. जणू सूर्यच थकून बसला होता. म्हाळूला आता कशाचीच वाट बघायची नव्हती, पण खडा ठेवायची सवय पायांना लागली होती, म्हणून चौथ्या दुपारी ती गेली. खडा होता. सावली होती. दोघांमध्ये उन्हाची एक बारीक फट होती.

तिला खरं वाटेना. ती धावत आत गेली, फडताळातल्या डब्यातून संक्रांतीसाठी ठेवलेला एक तीळ आणला आणि त्या फटीत ठेवला. तीळ उन्हात बरोब्बर बसला.

म्हाळूनं वाफ्यावरचं गवत बाजूला केलं आणि खुरपं घातलं. माती. परत घातलं. माती. तिसऱ्यांदा खुरपं टाकून तिनं दोन्ही हात आत खुपसले, आणि बोटांना बोटं लागली. लालचुटूक, गुबगुबीत, ओलसर चमचमती करंगळी! तिच्या मागोमाग दुसरी, पाचवी, विसावी. काही माणकासारख्या लाल, काही गुलाबी, काही लोण्यासारख्या पिवळ्या, आणि प्रत्येकीच्या अंगावर बारके बारके डोळे. आईच्या अशक्त हातांनी देठ वरच्यावर मोडले होते. खालच्या मुळांपर्यंत त्यांचा जोर पोचलाच नव्हता. आणि म्हाळूच्या अंथरुणाच्या गवताखाली, दिवस घटत होता तसतशा, करंगळ्या गुपचूप भरत होत्या.

एक तिनं चावून पाहिली. डोळे घट्ट मिटावे इतकी आंबट होती. तिला परीचं बोलणं आठवलं. मग तिनं सुपात करंगळ्या पसरल्या आणि सूप अंगणात उन्हात ठेवलं. आईला सोडून सुपापाशी बसता येईना, आणि सूप सोडून आईपाशी. म्हणून तिनं आणि भिमाकाकूंनी मिळून बाजच उचलून अंगणात आणली. अशा दोघी, आई आणि करंगळ्या, शेजारी शेजारी ऊन खात पडल्या.

आई पहिल्या दिवशी नुसती पडून होती. म्हाळू चमच्यानं तिच्या ओठांवर पेज लावत होती, त्यातली थोडी आत जायची. दुसऱ्या दिवशी सुपावर एक साळुंकी उतरली, तेव्हा आईनं बोट हलवलं. तिसऱ्या दिवशी तिनं हात हलवला आणि अगदी बारीक आवाजात म्हणाली, “हाड.” पाचव्या दिवशी तिनं विचारलं, “म्हाळू, हे काय वाळत घातलंयस?”

“आहे काहीतरी,” म्हाळू म्हणाली.

आई अजून मरणाच्या दारातच होती. एका घोटाचे दोन घोट झाले होते, एवढंच. म्हाळूनं आशा धरली नाही. एकदा धरून तिचे हात पोळले होते.

भोगीच्या दिवशी करंगळ्यांची सालं उन्हानं मऊ पडली होती. म्हाळूनं चुलीच्या निखाऱ्यांत त्या भाजायला घातल्या. सालं तडकली, आतला मऊ गर दिसू लागला, आणि मधासारखा एक गोड वास घरभर पसरला. बाबा कड्यावरून यायचे तेव्हा त्यांच्या सदऱ्याला यायचा, तसा. म्हाळूनं त्यांवर मीठ आणि भाजलेले तीळ भुरभुरले, तिळाची भाकरी थापली. जेवायला थांबलेल्या भिमाकाकूंचं ताट घेतलं, स्वतःचं घेतलं. तिसऱ्या ताटाकडे तिचा हात गेला आणि थांबला. नऊ महिने ती ते ताट भरत होती आणि रिकामं करत होती. आज एवढ्या करंगळ्यांनंतरही आईनं तोंड फिरवलं असतं, तर ते बघायची ताकद तिच्यात उरली नव्हती. तिनं तिसरं ताट तसंच राहू दिलं आणि मान खाली घालून बसली.

आत आणलेल्या बाजेवरून करकर आवाज आला. आई कोपरावर रेलून उठत होती.

“आणि मला?” ती म्हणाली. “वाढ की गं.”

म्हाळू हलली नाही. तिला भीती वाटली, की हललं तर तो शब्द पडून फुटेल. भिमाकाकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, नाहीतर तो आवाज कुठवर गेला असता कोण जाणे. मग म्हाळूनं तिसरं ताट घेतलं आणि वाढलं. घाईघाईत अर्धे तीळ जमिनीवर सांडले.

आईनं एक करंगळी खाल्ली. सावकाश, डोळे मिटून. दुसरी खाल्ली. तिसरी हातात घेऊन ती थांबली आणि तिनं ती नाकाशी नेली. “आंबुशीचा वास येतो याला,” ती म्हणाली. मग तिनं म्हाळूकडे पाहिलं. “मीच उपटली होती ना गं?”

शब्द परत आला होता. आता सगळं सांगायला मोकळीक होती. म्हाळूनं आईच्या मांडीवर डोकं ठेवलं.

“पानंच उपटलीस आई,” ती म्हणाली. “खालचं सगळं होतं तिथंच होतं.”

त्याच वेळी परसात लख्ख उजेड पडला. दारातून म्हाळूला दिसलं, शेवग्याखाली, जिथं तिनं ती पानं रचून ठेवली होती, तिथं वीतभर परी उभी होती. तिचे साती घागरे सात रंगांनी उजळले होते. तिनं टोपी काढून हातात धरली होती, आणि तिच्या गालावरून पाणी वाहत होतं.

“करंगळ्या चुकल्या नव्हत्या बरं का,” परी म्हणाली. “त्यांना दोन्ही अर्थ कळले होते. फक्त आधी एक झाला, मग दुसरा.”

“थांबा ना परीबाई. जेवून जा. आज पेज नाही, करंगळ्या आहेत.”

“इतके दिवस तुझ्या हातची उरलेली पेज खाल्ली,” परी हसली. “आता तुमच्या घरात काही उरणार नाही. मग मी कशाला थांबू?”

तिनं पाठीवरचं गाठोडं उतरवून शेवग्याशी ठेवलं. मग आधी डाळिंबी उजेड झाला, मग हळदी, मग मोरपंखी, जांभळा, शेंदरी, पोपटी, आणि शेवटी नुसतं निळं आभाळ उरलं. गाठोडं तेवढं तिथंच होतं. त्यात गुलाबी शिंतोड्यांची उल्लुको होती, माशुआ होते, गोड पाण्याची याकोनं होती, आणि अगदी तळाशी म्हाळूच्या मापाच्या लाल चपलांचा एक जोड होता. त्या कुणी मागितल्या नव्हत्या.

पुढच्या वर्षी ते सगळं परसात लावायला आई स्वतः खुरपं घेऊन उतरली. हिवमाथ्याला आता घरोघरी करंगळ्यांचा वाफा असतो आणि तिथं कुणी आंबुशीसुद्धा न विचारता उपटत नाही. आणि टोकाच्या त्या घरात रोज दिवेलागणीला म्हाळू दारात लाल चपला काढून ठेवते, पाय धुते, उंबऱ्यातून आत डोकावते. आत आई ताटं घेऊन बसलेली असते. दोघींपैकी कुणीतरी आधी म्हणतं, “वाढ.” रोज कोण आधी म्हणतं, ते मला ठाऊक नाही. मी गेलो होतो त्या दिवशी दोघी एकदमच म्हणाल्या, आणि मलाही वाढलं.